घटना आणि फिर्याद यांच्यामधले दिवस : अ‍ॅट्रॉसिटीच्या खटल्यांचा अभ्यास कसा करावा

एफआयआरचा छापील नमुना हातात घेतला की आठव्या क्रमांकाचा एक रकाना दिसतो : फिर्याद देण्यास झालेल्या विलंबाचे कारण. सातारा जिल्ह्यातल्या एका जुन्या खटल्यात त्या रकान्यात नुसती आडवी रेघ होती. घटना सोमवारची, नोंद शुक्रवारी रात्री साडेदहाची. कोर्टात उलटतपासाला पहिलाच प्रश्न आला, "चार दिवस गप्प का बसलात?" निकालपत्रात त्या चार दिवसांचा फायदा आरोपींना मिळाला.

निकालानंतर दोन वर्षांनी मी त्या खटल्यातल्या फिर्यादी बाईंच्या ओट्यावर बसून त्याच चार दिवसांबद्दल विचारलं. सोमवारी रात्री त्या मुक्या माराला हळदीचा लेप लावून पडून राहिल्या. मंगळवारी, ज्यांच्या रानात त्यांचा नवरा सालानं होता ते मालक दारात आले, "गावातच ऱ्हायाचंय ना तुम्हाला?" म्हणाले. बुधवारी देवळापुढे बैठक बसली. तिथं माफी ठरली, ती कुणी मागितली नाही. गुरुवारी पहिल्या एसटीनं त्या ठाण्यात गेल्या, तर साहेब यात्रेच्या बंदोबस्ताला. शुक्रवारी पुन्हा गेल्या आणि दुपारपासून रात्रीपर्यंत बाकावर बसून राहिल्या. हे सगळं त्या आडव्या रेघेत मावलं होतं.

तेव्हापासून मी अशा प्रकरणांमधल्या तारखा गोळा करते. जात, गुन्हा आणि कायदा यांचा अभ्यास करू पाहणाऱ्या एम.ए., समाजकार्य, विधी किंवा पीएच.डी.च्या मुलामुलींना माझं सांगणं तेच आहे : मोठ्या सिद्धांताच्या मागे लागण्याआधी दोन तारखांमधले दिवस मोजायला शिका. ते कसं करायचं, हे मी साताऱ्याच्या अनुभवावरून सांगते. सांगली-कोल्हापूरकडेही रीत तीच.

आधी कुंपण घाला

सातारा जिल्ह्यात अकरा तालुके आहेत. पहिल्याच अभ्यासात सगळे घेऊ नका. सत्र न्यायालय साताऱ्यात आहे, तसं कराड, वडूज इथंही आहे. त्यातलं एक न्यायालय आणि ठराविक वर्षं धरा.

वर्षं निवडताना कायद्याच्या तारखा बघा. अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम १९८९चा. त्यात २०१५ साली मोठी दुरुस्ती झाली आणि ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. आधीचे आणि नंतरचे खटले एकाच टोपलीत टाकले तर तुम्ही दोन वेगळ्या कायद्यांची तुलना करत बसाल. दुसरी तारीख १ जुलै २०२४. त्या दिवसापासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. जुनी एफआयआर कलम १५४ खाली नोंदलेली असते, नवी १७३ खाली. हे माहीत नसेल तर कागद वाचताना पहिल्या पानावरच अडाल.

आणि निकाल लागलेलेच खटले घ्या. चालू खटल्यातल्या साक्षीदाराशी तुम्ही तासभर बोललात, ते कुणाला कळलं, तर उलटतपासात "तुम्हाला कुणी शिकवून आणलं?" हा प्रश्न येणारच. तुमचं टिपण त्याच्या साक्षीच्या आड येऊ शकतं. आपल्या प्रबंधासाठी कुणाच्या न्यायाला धक्का लागू द्यायचा नाही, यात तडजोड नको.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे पार्श्वभूमीपुरते वापरा. तिथं एका एफआयआरमधल्या अनेक गुन्ह्यांपैकी सगळ्यात गंभीर गुन्हाच मोजला जातो. शिवाय आकडा नोंदलेल्या गुन्ह्यांचा असतो, घडलेल्या नव्हे. एखाद्या ठाण्यात वर्षभर शून्य दिसलं तर तिथं शांतता होती की नोंदच झाली नाही, हे त्या आकड्याला विचारून उपयोग नाही.

कागद कुठून मिळतो

ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळापासून सुरुवात करा. राज्य, जिल्हा, न्यायालय निवडलं की कायद्याच्या नावानं, खटल्याच्या प्रकारानं किंवा पोलीस ठाणं आणि गुन्हा रजिस्टर नंबर टाकून शोधता येतं. प्रत्येक खटल्याला सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर नंबर असतो. तो सगळ्यात आधी वहीत उतरवा, कारण नावांच्या स्पेलिंगमध्ये घोळ होतो, या नंबरात होत नाही. तिथं खटल्याच्या तारखा, पुढची तारीख का पडली ते आणि बऱ्याच खटल्यांत निकालपत्रही मिळतं.

एफआयआरसाठी महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर प्रकाशित एफआयआर बघता येतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये एफआयआर चोवीस तासांत संकेतस्थळावर टाकण्याचे आदेश दिले, पण लैंगिक गुन्ह्यांसारखी संवेदनशील प्रकरणं त्यातून वगळलेली आहेत. म्हणजे तिथं जे दिसतं त्यावरून 'एकूण इतके गुन्हे' असं लिहू नका.

रोजनामा (प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं त्याची नोंद), साक्षी, पंचनामे, दोषारोपपत्र हे हवं असेल तर न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज करावा लागतो. आपण खटल्यातले पक्षकार नसतो. म्हणून अर्जात कारण नीट लिहायचं, सोबत प्रतिज्ञापत्र द्यायचं, आणि मंजुरी न्यायाधीशांकडून येते. मार्गदर्शकाचं पत्र जोडा. काही जण हेच माहिती अधिकारात मागतात आणि महिना घालवतात. न्यायालयीन कागद न्यायालयाच्या नियमांनीच मिळवायचे, असा सर्वोच्च न्यायालयाचा मार्च २०२० चा निवाडा आहे.

नक्कल विभागातल्या कारकुनांशी आणि ठाण्याच्या कोर्ट पैरवी अंमलदाराशी (कोर्टातल्या खटल्यांचा पाठपुरावा करणाऱ्या पोलिसाशी) सभ्यपणे ओळख करून घ्या. कुठला खटला कुठल्या टेबलावर अडलाय हे पैरवीवाल्याला तोंडपाठ असतं. माझी निम्मी उत्तरं जिल्हा न्यायालयाच्या व्हरांड्यात मिळाली आहेत.

तारखांचा तक्ता

आता एक मोठा तक्ता करा. एक्सेलमध्ये करा किंवा आडव्या फुलस्केपवर, पण प्रत्येक खटल्याला एकच ओळ. रकाने असे ठेवा : घटनेची तारीख व वेळ, ठाण्यात माहिती मिळाल्याची तारीख व वेळ, ठाणे दैनंदिनीतली नोंद, आधी अदखलपात्र नोंद झाली होती का, अ‍ॅट्रॉसिटीचं कलम पहिल्या दिवशी लावलं की नंतर वाढवलं, तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे गेल्याची तारीख, घटनास्थळ पंचनामा, दोषारोपपत्र, आरोप निश्चिती, पहिल्या साक्षीदाराची साक्ष, निकाल. पीडितांना सरकारकडून मिळणाऱ्या अर्थसहाय्याच्या हप्त्यांच्या तारखांना शेजारी जागा सोडा. आरोपींच्या बाजूनं उलटी फिर्याद आली असेल तर तिची तारीख वेगळ्या रंगात. उलटी फिर्याद किती तासांत आली हे बघण्यासारखं असतं.

या तारखांना कायद्यानं मुदती घालून दिल्या आहेत, म्हणून हा तक्ता नुसती यादी राहत नाही. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या १९९५च्या नियमांमधल्या नियम ७ प्रमाणे तपास उपअधीक्षकापेक्षा कमी दर्जाचा अधिकारी करू शकत नाही. दोषारोपपत्राला साठ दिवस आहेत. अर्थसहाय्य सात दिवसांत सुरू व्हायला हवं. दोषारोपपत्रानंतर दोन महिन्यांत खटला शक्यतो संपवावा, असं कायदा म्हणतो. तक्त्यातला दिवस या मुदतीशेजारी ठेवला की कोण कुठे थांबलं ते दिसायला लागतं.

एफआयआरचा मजकूर वाचताना कान उघडे ठेवा. "समक्ष पोलीस ठाणेस हजर राहून फिर्याद देते की" इथं सुरू होतो आणि "माझा वरील जबाब मला वाचून दाखविला, तो माझे सांगणेप्रमाणे बरोबर व खरा आहे" इथं संपतो. मधला मजकूर बाईंचा, पण शब्द टंकलिखित करणाऱ्या अंमलदाराचे. तिथं "जातीवाचक शिवीगाळ केली" एवढंच लिहिलेलं असतं. बाईंनी सांगितलेले नेमके शब्द गळतात. पुढे कोर्टात तोच मुद्दा होतो : नेमकं काय म्हटलं ते फिर्यादीत नाही. साक्षीत शब्द आले तर "आधी का नाही सांगितलं?" आणि निकालपत्र इंग्रजीत असेल तर ती शिवी दोन-तीन सपक शब्दांत उरते. तोंडातून कागदावर, कागदावरून दुसऱ्या भाषेत असा त्या एका वाक्याचा प्रवास उलगडला तरी एक चांगलं प्रकरण होतं. मी ते दोन खटल्यांत करून पाहिलंय, आणि दोन्हीत मला रात्री झोप लागली नाही.

माहिती अधिकार : कमी मागा, नेमकं मागा

अर्थसहाय्याची माहिती कोर्टाच्या कागदांत नसते. ती समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे असते. २०१६च्या सुधारित नियमांनुसार गुन्ह्याच्या स्वरूपाप्रमाणे ८५ हजारांपासून सव्वाआठ लाखांपर्यंत रक्कम ठरलेली आहे आणि ती टप्प्याटप्प्यानं मिळते. जातीवरून अपमान केल्याच्या गुन्ह्यात एक लाख : पंचवीस टक्के एफआयआरनंतर, पन्नास टक्के दोषारोपपत्र कोर्टात गेल्यावर, उरलेले पंचवीस टक्के खालच्या कोर्टात शिक्षा झाल्यावर. शेवटचा हप्ता फार थोड्यांच्या हाती पडतो. का, ते निकालाचा रकाना पाहिला की समजतं.

महाराष्ट्रात माहितीचा अर्ज जोडपत्र 'अ' मध्ये, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून, एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांत करायचा. मी असा करते : "दि. १ जानेवारी २०१७ ते ३१ डिसेंबर २०२१ या काळात सातारा जिल्ह्यात अत्याचार प्रतिबंध अधिनियमाखाली दाखल प्रत्येक गुन्ह्याबाबत, पीडित व्यक्तीचे नाव व पत्ता वगळून, पुढील माहिती द्यावी : पोलीस ठाणे, गु.र.नं. व दिनांक; अर्थसहाय्याचा प्रत्येक हप्ता मंजूर झाल्याचा दिनांक; तो प्रत्यक्ष खात्यात जमा झाल्याचा दिनांक; विलंब असल्यास नस्तीत नोंदवलेले कारण." मंजुरी आणि जमा या दोन तारखा वेगळ्या मागायच्या. नाहीतर 'मंजूर' एवढंच उत्तर येतं आणि पैसे कधी मिळाले ते कळत नाही.

नावं आपणच वगळली की व्यक्तिगत माहितीचं कारण पुढे करून अर्ज फेटाळणं अवघड जातं. 'तपास चालू आहे' हे कारण आलं तर लक्षात ठेवा, कलम ८(१)(एच) मध्ये तपासाला अडथळा येईल असं दाखवावं लागतं, नुसता तपास चालू असणं पुरत नाही. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, त्याला वीस रुपयांचा स्टॅम्प. दुसरं अपील नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे. तिथं वेळ लागतो, म्हणून संशोधनाच्या पहिल्याच महिन्यात अर्ज टाका.

दुसरा अर्ज जिल्हा दक्षता व नियंत्रण समितीच्या इतिवृत्तांसाठी करा. जिल्हाधिकारी अध्यक्ष असलेली ही समिती तीन महिन्यांतून एकदा भरायला हवी. बैठकीच्या तारखा आणि हजेरीपट एवढे मिळाले तरी बरंच काही कळतं.

निर्दोष सुटका म्हणजे खोटी फिर्याद नव्हे

हे मी ठासून सांगते, कारण चांगल्या चांगल्या प्रबंधांत ही चूक पाहिली आहे. आपल्याकडे तपास बंद करताना पोलीस 'अ', 'ब' किंवा 'क' समरी मागतात. 'अ' म्हणजे गुन्हा खरा पण तपास लागला नाही किंवा पुरावा नाही. 'ब' म्हणजे खोटी, द्वेषानं दिलेली फिर्याद. 'क' म्हणजे गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाच्या वादातून आलेली. फक्त 'ब' समरीलाच 'खोटी' म्हणता येईल, तेही न्यायालयानं मान्य केल्यावर.

सुटकेची निकालपत्रं वाचताना प्रत्येक सुटकेचं कारण एका शब्दात टिपा. मला वारंवार दिसलेली कारणं अशी : साक्षीदार फितूर; पंच फितूर; फिर्यादीचा जातीचा दाखला पुराव्यात आला नाही; तपास करणाऱ्या अधिकाऱ्याचा दर्जा कमी; घटना लोकांच्या नजरेसमोर घडली हे सिद्ध झालं नाही; जुना जमिनीचा वाद; फिर्यादीला विलंब. यातली दाखला आणि दर्जा ही दोन्ही तपास यंत्रणेच्या हातातली कामं. ती राहिली, आणि आकडेवारीत त्याचा ठपका फिर्यादीवर बसला.

फितूर साक्षीदाराकडे रागानं बघू नका. त्याची तारीख बघा. घटनेच्या वेळी तो वीस वर्षांचा होता, साक्षीला उभा राहिला तेव्हा सव्वीस. मधल्या काळात त्यानं सोसायटीचं कर्ज काढलं, बहिणीचं लग्न केलं, ऊस कुणाच्या तरी शिफारशीनं कारखान्याला घातला. या सहा वर्षांत काय बदललं ते त्याला विचारा, "खोटं का बोललास" असं विचारू नका.

'गावातच मिटवणं' या शब्दाकडेही नीट बघायला हवं. याच मातीत १९४३ ते १९४६ मध्ये प्रतिसरकारची न्यायदान मंडळं गावात बसून निवाडे देत होती, आणि लोकांचा त्यांच्यावर विश्वास होता. (तेव्हा आजचा सांगली जिल्हा साताऱ्यातच होता, दक्षिण सातारा १९४९ मध्ये वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. वाळवा-तासगावकडचे जुने कागद शोधताना हे उपयोगी पडतं.) म्हणून बैठक वाईटच असं गृहीत धरू नका. बैठकीत कोण बसलं होतं, कोण उभं होतं, आणि ज्या बाईचा विषय होता तिला बोलावलं होतं का, एवढं विचारा.

माणसांकडे जाताना

ऑक्टोबर ते मार्च ऊसतोडीचा हंगाम. माण-खटावकडची कितीतरी घरं तेव्हा बंद असतात. जायचं तर त्याआधी किंवा गुढीपाडव्यानंतर. गावच्या यात्रेच्या आठवड्यात जाऊ नका, वातावरण तापलेलं असतं.

एसटीनं जा. पोलिसांच्या गाडीतून नको, सरपंचांच्याही नको. पहिला चहा कुठल्या घरी घेतलात हे गावाच्या लक्षात राहतं, तेव्हा वस्तीवर आधी जा. पण दुसऱ्या बाजूचं ऐकल्याशिवायही परतू नका. आरोपीची आई, तपास अधिकारी, सरकारी वकील या सगळ्यांना भेटा. मी भेटलेल्या एका हवालदारांनी तीन गावांचा बंदोबस्त आणि दोन तपास एकट्यानं ओढल्याचा हिशोब दाखवला, तेव्हा माझ्या तक्त्यातल्या एका मोठ्या खंडाचा अर्थ लागला.

संमती कागदावर घ्या, पण अंगठ्याचा आग्रह धरू नका. कागदावरच्या सहीनंच ज्यांचं नुकसान झालंय त्यांना आणखी एक सही जड जाते. तोंडी संमती चालेल अशी परवानगी विद्यापीठाच्या नैतिकता समितीकडून आधीच मागून ठेवा. बोलताना मावशी, आक्का, दादा म्हणा. 'पीडित' हा शब्द वहीत ठेवा. पहिला प्रश्न घटनेचा नको. "कोर्टात जायला किती वाजता निघायचात?" इथून सुरू केलं की माणूस आपल्या चालीनं बोलतो. मध्येच गप्प झाला तर वही मिटा.

एक गोष्ट बोलणं सुरू होण्याआधीच सांगायची. पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार अठरा वर्षांखालच्या मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर ती पोलिसांना कळवणं कुणालाही बंधनकारक आहे, संशोधकालाही. ते सांगून झाल्यावरच विचारा. नाहीतर विश्वासानं सांगितलेली गोष्ट तुम्हाला फोडावी लागेल.

नाव लपवणं पुरत नाही

माझ्या हातून एकदा मोठी चूक झाली. एका चर्चासत्रात मी निबंध वाचला. बाईंचं नाव बदललं होतं, गावाचंही. पण 'वस्तीवर शिलाई मशीन असलेल्या एकमेव बाई' असं एक वाक्य राहून गेलं. श्रोत्यांत त्या भागातला एक प्राध्यापक होता. संध्याकाळपर्यंत गावात फोन गेला होता. मी दुसऱ्या दिवशी जाऊन माफी मागितली. त्यांनी चहा दिला, पण नंतर त्या माझ्याशी कधीच मोकळ्या बोलल्या नाहीत.

तेव्हापासून मी तालुकासुद्धा लिहीत नाही. वय पाच वर्षांच्या गटात, व्यवसाय ढोबळ, घटनेचा महिना न लिहिता फक्त वर्ष. खरं नाव आणि सांकेतिक क्रमांक यांची किल्ली वेगळ्या वहीत, वेगळ्या घरी. ध्वनिमुद्रण फोनवरून काढून पासवर्ड लावलेल्या ड्राइव्हवर टाकते आणि फोनमधलं पुसते. लैंगिक गुन्ह्यांत ओळख उघड करणं हाच गुन्हा आहे, पूर्वी दंड संहितेचं कलम २२८-ए, आता न्याय संहितेचं कलम ७२. आणि वकील-अशिलासारखं संरक्षण संशोधकाच्या टिपणांना आपल्या कायद्यात नाही. न्यायालयानं मागितली तर द्यावी लागतील. जे लिहून ठेवल्यानं कुणी अडचणीत येईल आणि ज्याची तुमच्या प्रश्नाला गरज नाही, ते लिहूच नका.

परत जाताना काय न्यायचं

अभ्यास संपल्यावर त्या घरी पुन्हा जा. प्रबंधाची प्रत त्यांच्या कामाची नाही. त्यांच्याच खटल्याचे कागद एका प्लास्टिकच्या फाइलमध्ये तारखेनं लावून न्या : एफआयआर, निकालपत्र, अर्थसहाय्याचा आदेश. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम १५-ए नुसार कोर्टातल्या प्रत्येक घडामोडीची सूचना त्यांना वेळेत मिळायला हवी होती. ती मिळाली का, हे विचारून तक्त्याचा शेवटचा रकाना तिथंच भरा : निकाल घरी कळल्याची तारीख. माझ्या तक्त्यात कोर्टातली तारीख आणि घरची तारीख यांत सर्वात मोठं अंतर पाच महिन्यांचं आहे.

अपिलाची मुदत निकालापासून नव्वद दिवसांची असते, आणि सबळ कारण दाखवलं तर उशीर माफ होऊ शकतो. पूर्वी त्यासाठी मुंबई गाठावी लागायची. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय आणि सातारा, सांगली त्याच्या कक्षेत येतात. अनुसूचित जाती-जमातींना आणि स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा मदत क्रमांक फाइलच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहून द्या, आणि मुदत अजून उरली असेल तर त्याखाली अपिलाचा शेवटचा दिवस.